वजन, बंध आणि बोल्ट

वर्गात विचारण्यासारखा एक साधा प्रश्न आहे. घराचे छप्पर जागेवर राहते ते कशामुळे? बहुतेक मुले 'भिंतींमुळे' असे सांगतील. पण भिंत छपराला खाली पडू देत नाही, एवढेच तिचे काम. छप्पर वर उचलले जाऊ नये, बाजूला सरकू नये, भिंत हलली तर तिच्यावरून घसरू नये, यासाठी काय केलेले असते? हा दुसरा प्रश्न विचारला की मुले वर बघू लागतात. आपणही बघू.

या प्रश्नाला माणसाने तीन उत्तरे शोधली. छप्पर इतके जड करायचे की ते हलणारच नाही, हे पहिले. ते दोरीने बांधायचे, हे दुसरे. आणि खिळा, स्क्रू किंवा बोल्ट घालून ते खालच्या सांगाड्याला जखडायचे, हे तिसरे. तिन्ही उत्तरे आजही शेजारी शेजारी पाहायची असतील तर बीड जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. गावातले जुने घर माळवदाचे असते, त्याच घरातली माणसे ऊसतोडीला गेली की कोपीत राहतात, आणि गावाकडच्या गोठ्यावर पत्रा असतो. या तीन छपरांचा इतिहास म्हणजे जोडाचा इतिहास आहे. त्यात एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. जोड जिथे सर्वांत जरुरीचा असतो, त्याच कोपऱ्यात हात आणि हत्यार पोचत नाही.

वजनाचे छप्पर

मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात माळवद, म्हणजेच धाबे, हे शेकडो वर्षांचे रूढ छप्पर. त्याची रचना खालून वर अशी असते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर एकमेकींना लागून मांडलेल्या लाकडाच्या आखूड फळ्या किंवा चिरफळ्या, म्हणजे किलचन. त्यावर पाला किंवा तुराट्या अंथरायच्या, ओल्या मातीचा थर द्यायचा आणि शेवटी पांढरी माती चोपून बसवायची. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. घराचा मोठेपणा खणांवरून सांगतात.

वरचा थर पांढऱ्या मातीचाच का? काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. छपराला ती चालत नाही. बीडचा पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्यासारखी उतरती कौले इथे लागत नाहीत. किंचित ढाळ आणि पन्हाळ एवढ्यावर भागते. जाड माती तापायला वेळ घेते आणि निवायलाही वेळ घेते. त्यामुळे वैशाखाच्या दुपारी माळवदाखाली गारवा असतो. स्थानिक साहित्यातून आणि स्थानिक हवामानासाठी बनलेले हे छप्पर आहे आणि त्याची हुशारी मान्य करायला हवी.

आता किलचन कशाने बसवलेली असते ते पाहू. पुष्कळ माळवदांत ती कशानेच बसवलेली नसते. एकेक तुकडा कड्यांवर मांडत जायचे, इतकेच. कारागिराच्या दृष्टीने विचार केला तर हे स्वाभाविक आहे. शेवटच्या ओळी भिंतीला भिडतात. तिथे दोन कड्यांमध्ये हात शिरेल एवढीच जागा उरते. वरून मातीचा थर आला की ती बाजू कायमची बंद होते. घडीव लोखंडी खिळा लोहाराकडून एकेक करून घ्यावा लागे, म्हणजे तो महाग. शिवाय खिळा मारायची गरजच काय होती?

ही गरज का नव्हती ते आकड्यांनी पाहू. चोपलेल्या मातीचा एक घनमीटर साधारण १,६०० किलोग्रॅम भरतो. मातीचा थर ४५ सेंटिमीटर धरला, तर छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर ७२० किलोग्रॅम वजन येते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर ते ८,६४० किलोग्रॅम, म्हणजे साडेआठ टनांहून जास्त होते. एवढ्या वजनाखालची फळी कुठल्या वाऱ्याने उचलली जाणार? इथे वजन हाच खिळा होता. कारागिराला अडचणीच्या कोपऱ्यात हात घालावाच लागला नाही, कारण वरची माती त्याचे काम करत होती.

आणि हा खिळा दरवर्षी वाढत होता. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून नवा थर द्यायचा, जुना मात्र क्वचितच काढायचा. अशी पन्नास-साठ वर्षे गेली की थर अर्ध्या मीटरच्या पुढे जातो.

३० सप्टेंबर १९९३

बीड जिल्ह्याची हद्द लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे. घरे बांधण्याची रीत तिथेही हीच. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. तीव्रतेच्या मानाने मृत्यू फार झाले. वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजार माणसे गेली.

भूकंप जमीन हलवतो, पण माणसे मरतात ती बहुधा घर अंगावर आल्याने. इथे तसेच झाले. भिंती होत्या दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहून जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, मधे लहान दगड आणि चिखल. दोन्ही थरांना एकत्र धरणारे आरपार दगड फारसे नसत. जमीन हलताच आतला थर आत आणि बाहेरचा बाहेर पडला. ज्या घरांत कड्या थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर कित्येक टन मातीचे छप्पर खाली आले. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा छपरासकट उभा राहिला. भूकंपानंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी हा फरक ठळकपणे नोंदवला.

यामागचे विज्ञान नववीच्या पुस्तकातलेच आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमीन अचानक बाजूला सरकली की छपराचे जडत्व त्याला जागेवरच ठेवू पाहते. छपराचे वस्तुमान जितके जास्त, तितके त्याला सोबत नेण्यासाठी लागणारे आडवे बल जास्त. हे बल छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यातूनच जाणार. आणि सांधा तर केलेलाच नव्हता. वजन खाली दाबते, म्हणून ते वाऱ्यासमोर उपयोगी पडते. आडव्या धक्क्यासमोर तेच वजन उलटते. शेकडो वर्षे ज्याने खिळ्याचे काम केले, तेच त्या पहाटे घातक ठरले.

अडचणीचा कोपरा

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा त्याच जागी पुनर्बांधणी असे काम झाले. दगड-चिखलाच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मार्गदर्शक मानक आय.एस. १३८२८ हेही १९९३ चेच. त्यातली एक सूचना कुणालाही समजावी अशी आहे. भिंतीच्या प्रत्येक ६० सेंटिमीटर उंचीला, आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घालावा.

जुन्या घरांसाठी सुचवलेले उपाय असे होते. माळवदावरची जादा माती काढून थर पातळ करायचा. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरायचे, म्हणजे आरपार दगडाचे काम होते. आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू बसवायचे. चौकोन सहज तिरका होतो, त्रिकोण होत नाही. टेकू बसला की प्रत्येक कोपऱ्यात एक त्रिकोण तयार होतो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात टेकू जिथे बसवायचा ती जागा म्हणजे वर कड्या, मागे भिंत, बाजूला खांब. तिथे हातोडा फिरत नाही. आणि हातोड्याचे सारे बळ त्याच्या फिरण्यात असते. अर्ध्या किलोचा हातोडा मोकळ्या हाताने मारला आणि खिळ्यावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर असला, तर त्याची गतिज ऊर्जा सव्वासहा ज्यूल होते. कोपऱ्यात वीतभर हलवून वेग सेकंदाला १ मीटरच आला, तर ऊर्जा पाव ज्यूल. वेग पाचपट कमी, ऊर्जा पंचवीसपट कमी. म्हणूनच अडचणीत मारलेला खिळा आत जाण्याऐवजी वाकतो. शिवाय साठ वर्षे भार सोसलेल्या लाकडावर आणि सुट्या दगडांच्या भिंतीजवळ ठोके मारणे धोक्याचेच.

यातून सुटका करते ते फिरवण्याचे तंत्र. स्क्रू किंवा बोल्ट म्हणजे दंडाभोवती गुंडाळलेला उतार. आदळण्याऐवजी फिरवायचे, थोडे बळ पुष्कळ अंतरभर लावायचे आणि थोड्या अंतरात मोठे बळ मिळवायचे. गिरमिटाने भोक पाडायचे, बोल्ट सारायचा आणि पान्याने नट आवळायचा. भिंतीला धक्का बसत नाही.

पण पाना फिरवायलाही जागा लागतेच. नटाला सहा बाजू असतात. म्हणून पुढची बाजू पकडण्यासाठी पाना ६० अंश फिरायला हवा. साध्या दुतोंडी पान्याकडे नीट पाहावे. त्याचे तोंड दांड्याशी सरळ नसते, १५ अंश कललेले असते. ही घडणीतली चूक नव्हे. एकदा ३० अंश फिरवून पाना उलटा केला की तोच कल दुसऱ्या बाजूला जातो आणि पुढची बाजू पकडीत येते. ६० अंशांच्या जागेऐवजी ३० अंशांत काम भागते. अडचणीच्या जागेचा विचार करून कुणीतरी केलेली ही सुधारणा आज प्रत्येक सायकल दुकानात लटकलेली असते आणि आपण तिच्याकडे कधी पाहत नाही.

पुनर्वसनाच्या कामात मात्र बहुतेक कुटुंबांनी जुने घर मजबूत करण्यापेक्षा मिळालेल्या मदतीतून नवी खोली बांधणे पसंत केले. ते समजण्यासारखे आहे. ज्या दगडांनी माणसे घेतली, त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे सोपे नसते. पण त्यामुळे मजबुतीकरण फार थोड्या जुन्या घरांत झाले आणि मराठवाड्यातील कित्येक माळवदांखालचे कोपरे होते तसेच राहिले.

दोरीचे छप्पर

दुसरे उत्तर सर्वांत जुने आहे आणि बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ते सोबत नेतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि फडाजवळ किंवा तळावर कोपी उभी करतात. बांबू वाकवून किंवा टेकवून सांगाडा, वर चटई किंवा पाचट, आणि अलीकडे प्लास्टिकचा कागद. हंगाम संपला की कोपी मोडायची. सगळे जोड दोरीचे.

दोरीला अडचणीची जागा बाधत नाही, हा तिचा मोठा गुण. टोक पलीकडे गेले की झाले, ओढायचे काम मोकळ्या बाजूने करता येते. हत्यार लागत नाही, लाकूड फाटत नाही आणि सोडून पुन्हा वापरता येते. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख भिजला की दोरी जाड होते आणि लांबीला आखडते, म्हणजे पावसात गाठ आणखी आवळते. नायलॉनच्या दोरीत हा गुण नाही. दोरी कमी पडते ती टिकाऊपणात. ऊन, वाळवी आणि घर्षण तिला वर्षभरात निकामी करतात. वर्षातले पाच-सहा महिने अशा बांधलेल्या छपराखाली काढणाऱ्या मुलांपैकी कुणी आपल्या वर्गात असेल, तर गाठींविषयी त्याला शिक्षकांपेक्षा जास्त माहिती असण्याचा संभव आहे. त्याला फळ्यासमोर बोलावून विचारावे.

हलके छप्पर आले

तिसऱ्या उत्तराची गोष्ट लंडनच्या गोदीत सुरू होते. तिथले अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा हाताने वाकतो, तोच नालीदार केला की माणसाचे वजन पेलतो. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पत्र्याचे गंजणे लांबले. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे एकच माप सुचवले, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसू लागला. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि जगभर पत्र्याची छपरे पसरली.

पत्रा हलका असतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा नालीदार पत्रा चौरस मीटरला सुमारे ५ किलोग्रॅम भरतो. माळवदाचे ७२० आणि पत्र्याचे ५! भूकंपाच्या दृष्टीने हे वरदानच. पण वजनाचा खिळा आता गेला. त्याची जागा खऱ्या जोडाने घ्यायला हवी, कारण वारा टपलेलाच आहे.

वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येते. वळवाच्या वादळात वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरू. दाब २४० न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतका. छपरावरून जाणारा वारा वर ओढतो, आणि शेडची एक बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. पाच किलोचा पत्रा आणि चोवीस किलोची ओढ. मराठवाड्यासाठी मानकांत आराखड्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्या वेगाला दाब ९१० न्यूटनांच्या पुढे जातो. आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कडा आणि कोपरे यांवर ती सर्वांत जास्त असते.

गावोगाव पत्र्यावर दगड, जुनी टायरे, लाकडाचे ओंडके ठेवलेले दिसतात. त्यामागचा विचार माळवदाचाच आहे, वजनाने धरून ठेवायचे. पण हिशेब बसत नाही. तीन मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात ओढ सुमारे ५८ किलोची, पत्र्याचे स्वतःचे वजन १२ किलो. उरलेल्या ४६ किलोंचे दगड ठेवावे लागतील. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे सुमारे २३० किलो. शिवाय कड उचलली की पत्रा तिरका होतो, दगड घसरतात आणि खाली कोण उभे आहे ते बघत नाहीत.

आकड्याची युक्ती

पत्रा खालच्या आडव्या वाशाला किंवा लोखंडी पाइपाला जखडायचा, तर नट आणि बोल्ट दोन्हीकडून धरावे लागतात. कडेला, जिथे ओढ सर्वांत जास्त, तिथेच पत्रा आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट असते. यावर साधी युक्ती म्हणजे जे-हूक. एका टोकाला वाकवलेली, दुसऱ्या टोकाला आटे पाडलेली कांब. बाजारात ती अजूनही सुतांत मागतात. अडीच सूत म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. खालच्या माणसाने कांब वाशाला अडकवून भोकातून वर सारायची. त्यासाठी दोन बोटे पोचली तरी पुरे. जोर लावून आवळायचे काम वरून, मोकळ्या हवेत. दोरीचा गुण इथे लोखंडात आला. अडकवायचे अडचणीत, ओढायचे मोकळ्यात.

भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडतात, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. नटाखाली पत्र्याच्या वळणाशी जुळणारा वॉशर आणि त्याखाली डांबरी वॉशर असतो. तो गळती थांबवतो. शिवाय वॉशरमुळे बल मोठ्या भागावर पसरते. वॉशर नसेल तर वादळात बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा फाटून निघून जातो. ८ मिलिमीटरची सरळ कांब तुटायला हजार किलोंहून जास्त ओढ लागते, पण वाकवलेला हूक त्याच्या पुष्कळ आधी उलगडू लागतो. म्हणून हूक जास्त हवेत आणि कडेला अधिक जवळजवळ हवेत. आता स्वतःच भोक पाडत जाणारे, रबरी वॉशरचे स्क्रू आले आहेत. पाइपाच्या सांगाड्यावर ते वरूनच बसतात, खाली माणूसही लागत नाही.

काम मात्र अजून माणूसच करतो. मधले हूक बसवणे सोपे असते, ते सगळे बसतात. भिंतीलगतचा शेवटचा हूक अवघड असतो, आणि पुष्कळदा तोच राहून जातो.

करून पाहा

१. चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. तो तिरका करून पाहा. एका कोपऱ्यात छोटी तिरपी पट्टी जोडा आणि पुन्हा प्रयत्न करा.

२. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू उघडी ठेवा. वर कागदाचे छप्पर नुसते ठेवून पंख्यासमोर धरा. मग कागद फक्त मध्यभागी चिकटवा, मग फक्त कडांना. कोणते छप्पर टिकते?

३. शाळेच्या सायकल शेडचे किंवा पोषण आहाराच्या शेडचे छप्पर जमिनीवरूनच पाहा. वर कुणीही चढायचे नाही. प्रत्येक पत्र्याला किती हूक आहेत, कडेला किती, भिंतीलगत किती, हे वहीत चौकोन आखून नोंदवा. जिथे हूक नाही किंवा नट गंजला आहे तिथे फुली करा.

बहुतेक फुल्या कडेला आणि कोपऱ्यात आल्या तर नवल वाटायला नको. तो कागद मुख्याध्यापकांकडे द्यावा, पण चैत्र उजाडण्याआधी. वळवाचा वारा त्यानंतर लवकरच सुटतो.